पुराव्यादाखल

आयर्लंडच्या साहेबाला पत्र लिहायचं आहे,
हे लग्न खरं आहे म्हणून.
शलाका फोनवर सांगते, बाबा, साधं लिहा,
तारखा घाला. भावनेचं पान ते वाचत नाहीत.

तर लिहितो.
मी दौलत हेडाऊ, राहणार गोळीबार चौक, नागपूर,
रेल्वे टपालात छाटणीवर तीस वर्षं.
मुलगी कॉर्कच्या दवाखान्यात नर्स,
तिचा नवरा तुआन, देश व्हिएतनाम,
सध्या मुक्काम माझ्या घरी,
कारण जो देश दोघांचाही नाही
त्याच्या परवानगीची वाट तो इथे बघतो आहे.

लग्नाची नोटीस कलेक्टर ऑफिसच्या फळ्यावर
तीस दिवस टांगलेली होती, हरकतींसाठी.
हरकत एकच होती, माझी.
तो तेव्हा सदरच्या लॉजवर राहायचा,
मी तोंड पाहिलं नव्हतं.
रोज सायकलनं जायचो, नोटीस वाचायचो,
ठसक्यात घसा खाकरायचो
आणि परत यायचो.
हे पत्रात घालत नाही.

टायपिस्टनं प्रतिज्ञापत्रात तुआनचं तुफान केलं.
त्या एका फ-नं सात आठवडे खाल्ले.
गल्लीत अजून त्याला तुफानभाऊच म्हणतात,
आणि तो हात वर करतो.

परदेशी माणूस घरात, म्हणून पोलिसांचा फॉर्म.
रकाना: वास्तव्याचा हेतू.
मी लिहिलं, जावई.
शिपाई म्हणाला, काका, हेतू विचारला, नातं नाही.
खोडून लिहिलं, वाट पाहणे.
तेही चालेना.

फोटो मागितलेत, दोघांचे, एकत्र.
एकत्र ते होते अकरा दिवस, तिच्या रजेचे.
बाकी सगळे फोटो त्याचे आणि माझे:
फुटाळ्यावर कणीस खाताना,
तर्रीनं डोळे भरले तरी अजून एक प्लेट मागताना,
सिंधूच्या शेजारी बसून कैरीला मीठ-तिखट लावताना,
त्यांच्याकडेही असंच खातात म्हणे.
एक फोटो मेयोतला.
मे महिना, छेचाळीसच्या वर पारा,
मला ऊन लागलेलं, सलाईन,
आणि स्टुलावर रात्रभर हा, पुठ्ठ्यानं वारा घालत.
मेयो नावाचा एक जिल्हा तुमच्याकडेही आहे ना साहेब?
तिकडची पाकिटं यायची कधीमधी.
हा फोटो जोडतो. चालत नसेल तर परत पाठवा,
दुसरी प्रत नाही.

कॉर्कला तिची ड्यूटी सुटते
तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात.
तो फोन घेऊन छतावर जातो.
काय बोलतात कळत नाही,
हसतात एवढं जिन्यातून खाली येतं.
मग बराच वेळ काहीच येत नाही,
आणि सिंधू म्हणते, झोपा आता, तुम्ही काऊन जागता?

सही. तारीख.
पत्र गेलं.

आज दुपारी कुरिअरवाला आला.
पाकीट हातात घेतलं की मला वजनावरून कळायचं,
राखी आहे की समन्स की नुसतीच ख्यालीखुशाली.
हे कळलं.

तो अंगणात कूलरात पाणी भरत होता,
पायजमा गुडघ्यापर्यंत, वाळ्याला पाइप लावून.
ओरडला, आबाजी, काय आलं?
म्हटलं, लाइट बिल.
बापरे, म्हणाला, अगदी आपल्यासारखं.

तीस वर्षांत एक पाकीट अडवलं नव्हतं मी.
चुकीचा पिनकोड, फाटका कोपरा, पत्ता नसलेली आजारी अक्षरं,
सगळी ज्याच्या त्याच्या गाडीत घातली.
हे मात्र पेपरखाली सरकवून
वर चष्म्याचं घर ठेवलं.

चहा होईस्तोवर.
फार तर कूलर भरेस्तोवर.