माठ

परवा गोदामात मला 'पाना' आठवेना.
समोर दिसतोय, बारा नंबरचा, तेलकट,
आणि मी हात पुढे करून नुसता म्हणतोय :
ते, ते दे ना, ते.
इलियास हसला.
मी बोल्टांचा अख्खा डबा भिंतीवर भिरकावला.

मग रात्रभर खोलीत
एकेक बोल्ट कानात पडत राहिला.

सोहारमधली माझी खोली अशी :
एक खाट, एक किटली, खिडकीला चिकटवलेला चंदेरी कागद.
रात्री नूडल्स, पहाटे उरलेल्या नूडल्स,
शुक्रवारी सुट्टी म्हणून त्यातच अंडं.
कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या खाटेखाली रांगेत;
हल्ली मी त्यांना नावं ठेवलीत, हाकाही मारतो.
घरी फोनवर सांगतो, आज मासे केले.
कुठले? दर्शना विचारते,
आणि माझ्याकडे एकाही माशाचं नाव नसतं.
खारव्याच्या पोराकडे.

दवाखान्यातल्या मल्याळी डॉक्टरणीने रिपोर्ट दोनदा वाचला.
"डी फार कमी. बी-बारा तर जवळपास नाहीच."
एवढ्या उन्हाच्या देशात
माझ्या रक्तात ऊन नाही!
मी हसलो, ती हसली नाही.
पेन थांबवून म्हणाली, "जेवता कुणाबरोबर?"
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

बराकीच्या मागे, एसीचं पाणी ठिबकतं तिथे
सिल्हेटच्या मोतालेबने
रंगाच्या जुन्या डब्यांत भाजी लावलीय.
रोज तिथूनच जायचो. काल थांबलो.
लालभडक देठ.
नाव जिभेच्या टोकाशी आलं, मागे फिरलं,
घशात जरा वेळ बसून राहिलं,
आणि मग फाडकन
माठ!

"लाल शाक," मोतालेब म्हणाला.
"माठ."
"शाक."
"अरे, माठ! ही भाजी माठ, पाण्याचं मडकं माठ,
आणि डोक्यानं ठोंब्या असतो ना, तोही माठच,"
म्हणत मी स्वतःचीच छाती ठोकली.
अर्धा तास भांडलो,
हिंदीत, मोडक्या अरबीत, शेवटी नुसत्या हातांनी.
किती महिन्यांनी कुणावर ओरडलो
आणि समोरून कुणीतरी ओरडलं.

लसूण त्याने घातला. मीठ मी,
जरा जास्तच.
ताट एकच होतं.

इलियासची माफी अजून मागायचीय.
बोल्ट सगळे सापडलेत,
एक सोडून.