उचित

निपाणीहून चिकोडीला सकाळची सात वीसची गाडी.
कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, माझ्याकडे नाही,
आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात ठेवलं.
बरं झालं.
कार्डावर मी दहा वर्षांपूर्वीची आहे,
दोन्ही डोळे सारखे उघडे.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टायपिंगवाले,
स्टॅम्पवाला, झेरॉक्सवाला, चहाची किटली.
कुणाला विचारू, आणि कशात?
आमच्याकडे पाट्यांवरून दगड पडतात;
पाटीखाली उभ्या बाईला काय वाचता येतं
हे कुणी विचारत नाही.

मला येतं. जरा जरा.
अक्षताच्या शाळेच्या वहीवरून शिकले,
विड्या वळता वळता, एका जुडीला एक अक्षर.
तर जिन्याखालच्या दारावर वाचलं:
उ. चि. त.
पुढचं लांबलचक होतं, तिथवर गेलेच नाही.

म्हटलं, हा आपला शब्द इथं कसा?
उचित म्हणजे योग्य. शोभेलसं.
सासू म्हणायची, असं रात्रीचं दारात बसणं उचित नाही.
भाऊ फोनवर म्हणाला, तू परत जाणंच उचित.
ठाण्यातल्या साहेबांनी पाणीसुद्धा दिलं, मग म्हणाले,
घरातलं घरात मिटवणं उचित.
सगळ्यांचं उचित ऐकून झालं होतं,
म्हणून पाय उंबऱ्यावरच थांबले.

आत टेबलामागे इरकल नेसलेली एक बाई.
"बर्री, कुंदर्री."
मी बसले नाही.
तिनं खुर्चीच ओढून माझ्या मागं आणली.
"ऊटा आतेन्री?"
जेवलात का. एवढी कानडी मला येते.
आठवडाभर हे कुणी विचारलं नव्हतं,
कुठल्याच भाषेत.

वकिलाची फी किती, मी विचारलं.
सहाशे चाळीस आहेत, छाट जाऊन उरलेले.
पोलक्यातून काढायला लागले तर तिनं हात धरला.
मनगट नाही, तिथलं निळं तिला दिसलं होतं.
बोटं धरली.
"उचित री."
उचित तर आहेच हो, पण फी?
ती हसली. मग माझ्या भाषेत चाचपडत,
अंधारात काडेपेटी शोधावी तशी:
"उचित म्हणजे... फुकट. बाईमाणसाला फुकट. कायदा आहे."

फुकट.
पंधरा वर्षं हा शब्द मी ताटाबरोबर खाल्ला.
फुकट गिळतेस. फुकट पसरतेस.
हजार विड्या वळून दिवेलागणीला फुकट.
आणि इथं त्याच शब्दाला खुर्ची,
वर घरघरणारा पंखा,
रजिस्टरात लाल शाईचा नंबर.

अर्ज कानडीत. ती विचारायची, मी सांगायची.
नाव वैजंता. कधीपासून. कशानं.
कशानं, इथं मी अडले.
तंबाखूची चाळण. हातानं गोल करून दाखवली.
तिनं चाळण लिहिलं की जाळी, देव जाणे.
मग सगळं वाचून दाखवलं.
माझंच दुखणं, पण तिच्या अक्षरांतून आलं
तर जरा लांब बसलं,
पाहुण्यासारखं.
पहिल्यांदाच मी त्याच्याकडे नीट बघितलं.

शेवटी तिनं बोट ठेवलं: "सही."
तिच्याकडेही सही, माझ्याकडेही सही.
शाईचं पॅड सरकवलं बाजूला
आणि मराठीत नाव काढलं, वै ची मात्रा जरा जास्तच लांब.
चालतं का?
"नडीतैत्री."

वकीलबाई मंगळवारी येतील, चिठ्ठीवर तारीख आहे.
आज रात्रीचं काय, ते मी विचारलं नव्हतं.
तिनंच बेळगावला फोन लावला,
सखी केंद्रात जागा आहे का, दोघींची.
तिकडून काहीतरी विचारलं असावं.
फोनवर हात ठेवून ती माझ्याकडे वळली:
"मगळ वयस्स एष्ट्री?"

मी चार्टावरची ओळ डोळ्यांपुढे आणली.
वही, रेघा, अक्षताचं वाकडं अक्षर.
"हन्नोंदु," मी म्हटलं.
तिनं तसंच फोनमध्ये सांगितलं.