मातीआधी

नागजच्या पुढं, फाट्यावरून आत,
तीन किलोमीटर उघडा चर.
काठाला वाळूच्या पोत्यांवर
आडवा झोपवलेला काळा पाइप.
मी त्याच्या कडेकडेनं चालते.
माझी नोकरी एवढीच:
मातीआधी तोंड बघून घेणं.

हातात तारेची कडी, पाठीला बॅटरी.
कडी पाइपभोवती सरकत जाते,
काळ्या सालीला कुठं सुईएवढं भोक असेल
तर निळी ठिणगी पडते, यंत्र किंचाळतं.
त्या भोकाला साइटवर सगळे हॉलिडे म्हणतात.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
मलकारी व्हनमाने, वेल्डर, रोज तोच विनोद करतो:
"मॅडम, एवढ्या सुट्ट्या सापडतात तुम्हाला,
एखादी आमाला द्या की."

रात्री दोर बांधून माणसं लांब काढायची,
कुत्रीसुद्धा.
जोडावर फिल्म गुंडाळायची, किरणांचा डबा उघडायचा,
आकडे मोजायचे, मिटायचा.
पहाटे उजेडाच्या पेटीवर जोड नंबर दोनशे चौदा:
मुळाशी एक काळी रेघ,
भुवईच्या केसाएवढी.
वितळलेलं लोखंड तिथवर पोचलंच नव्हतं.

चौगुले सुपरवायझर चहा घेऊन आले.
"एकदा रिपेअर झालाय हा. आता परत म्हणजे कापायचाच.
मशिनं उद्या डफळापूरला चाललीत.
आणि मॅडम, मातीत जाणारं काम हे,
कोण उकरून बघतंय?"
कप माझ्याकडं सरकवला.
चहा चांगला होता.

मिरजेत आमच्या गल्लीत तंबोरे बनतात.
अब्बा भोपळ्यावर बोट वाजवतात
आणि थांबतात, उत्तर यायचं असल्यासारखे.
एक भोपळा आतून तडकलेला निघाला होता.
लाख भरली, रंग दिला, वर पांढरी वेल जडवली.
पलूसला गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी नेला.
तक्रार आली नाही.
बाईही परत आल्या नाहीत.
एकवीस वर्षं झाली,
स्टँडवर पलूसची पाटी दिसली
की अब्बा चष्मा पुसायला घेतात.
हे त्यांनी मला शिकवण म्हणून सांगितलेलं नाही.
जेवताना सांगितलं, भाकरी मोडता मोडता,
मीठ मागितल्यासारखं.

मी खडूनं पाइपवर फुली मारली.
चौगुल्यांनी हेल्मेट काढलं, परत घातलं,
फोनवर कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत लांब गेले.
मलकारी काही बोलला नाही.
जोड त्याचाच होता.
फिल्म तेवढी मागून घेतली, उन्हासमोर धरली,
एक डोळा मिटून, बराच वेळ.
"वारा होता त्या दिवशी," म्हणाला.
मग म्हणाला, "नाही. वारा नव्हता."

तिसऱ्या दिवशी नवा जोड, फिल्म स्वच्छ.
चार मशिनं एकदम झुकली, पाइप चरात उतरला.
एवढं वजन, आणि आवाज फक्त पट्ट्यांचा.
खाली चाळलेली माती, वरून चाळलेली माती,
मग मुरूम, मग धोक्याची पिवळी फीत, मग काळं रान.

बिरू कोळेकर, शेत त्यांचं, बांधावर उकिडवे.
"वर काय लावता येईल?"
ज्वारी, म्हटलं. हरभरा. मुळं खोल जाणारं काही नको.
"द्राक्षं?"
नको.
त्यांनी तंबाखू मळत विचार केला.
"म्हंजे खाली काय हाय, ते पिकाला कळाय नको."

रोजच्या अहवालात हवामान: निरभ्र.
खोली: दीड मीटर.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो मोकळा ठेवायचा नसतो.
मी पेन धरून बसले.
जीपमधे मलकारी तोंड उघडं टाकून झोपला होता,
हातमोजे मांडीवर.
लिहिलं: माती चाळून टाकली.
खाली तारीख, तहसीन शिकलगार.