गुरुवार, एक ते पाच

सडबरीत रस्त्याकडेला अजून काळवंडलेला बर्फ.
आइली नवऱ्याला ओर्लाच्या हवाली करते:
"गोळी तीनला. आरसा झाकलेलाच राहू दे,
त्यातला म्हातारा त्याला आवडत नाही."

सिनेमाला जाईन, म्हणाली होती.
हार्डवेअरच्या दुकानामागे गाडी लावून
झोपली अडीच तास, तोंड उघडं टाकून.

मग कॉफी. पॅनकेकचे
बारीक बारीक तुकडे केले,
फुंकर घातली,
आणि काटा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे
नेता नेता थांबली.

पैसे द्यायला खिशात हात घातला
तर निघाली शेगडीची चार बटणं.
रोज काढून ठेवते, त्याने पेटवू नये म्हणून.
वेट्रेसने पाहिलं. विचारलं काहीच नाही.
कप पुन्हा भरला.

पाचाला वीस मिनिटं होती अजून.