साडेतीन

करारपत्रात लिहिलंय: सकाळी आठ ते साडेअकरा.
साडेतीन तास, आठवड्याचे पाच दिवस,
आणि पगाराच्या रकान्यात एक आकडा.
तो ऐकून आई फोनवर गप्प झाली,
मग म्हणाली, असू दे, हात सुटायला नको.

अल खुवैरच्या ऑफिसात माझं टेबल दारापाशी.
अकरा पंचवीसला मी बॅगेची चेन हळू ओढते,
पण चेनचा आवाज होतोच.
कुणी पडद्यावरून डोळे उचलत नाही,
आणि ते न उचलणं माझ्या पाठीला
थेट पार्किंगपर्यंत जाणवत राहतं.
तिथं चव्वेचाळीस अंशांत तापलेलं स्टीअरिंग
ओढणीत गुंडाळून धरावं लागतं.

सूसम्माच्या दारात रेवती
एका पायात माझी चप्पल घालून उभी.
आज दोनदा रडली, सूसम्मा हिशोब देते,
एकदा तुझ्यासाठी, एकदा बिस्किटासाठी.
मी उगाच विचारते, आधी कशासाठी?

घरी वरणभात. एका हातानं भरवणं,
दुसऱ्याच्या अंगठ्यानं मेलला उत्तर:
बघते, संध्याकाळपर्यंत कळवते.
संध्याकाळ हा शब्द मी किती सढळ हातानं वाटते,
जशी काही माझ्याकडे पोतंभर आहे.
नवरा फहूदला, तेलाच्या विहिरींवर.
चौदा दिवस तिथं, चौदा दिवस इथं.
म्हणजे तोही घरात अर्धाच,
पण त्याला कुणी पार्ट-टाइम म्हणत नाही.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर शीट पसरली.
सीबमधली चार मजली इमारत.
इंद्रनीलनं, वय साडेपाच,
तळमजल्याच्या प्रत्येक खांबावर एकेक राजमा ठेवला.
मग तेच राजमे उचलून पहिल्या मजल्यावर मांडले.
एक कमी पडला.
"आई, हा खांब खाली येतच नाही.
हा कशावर उभा आहे?"

मी सांगितलं, खाली दुकान आहे,
मालकाला मधे खांब नको होता,
म्हणून तिथं एक जाड तुळई घातली.
ती त्याला उचलून धरते
आणि भार दोन्हीकडच्या खांबांना वाटून देते.
"तिला दुखत नाही?"
वाकते थोडी.
किती वाकेल ते आम्ही आधीच मोजतो,
तेवढं लोखंड घालतो पोटात.
"आणि जास्त वाकली तर?"
तर गिलाव्याला केसाएवढी चीर जाते
आणि लोक म्हणतात, काही नाही, उन्हानं झालंय.
तो राजमा नाकात घालू लागला.
चर्चा तिथंच थांबली.

मी दिंडोरीची.
हवा स्वच्छ असली की आमच्या गच्चीवरून
वणीचा डोंगर दिसायचा.
साडेतीन पीठांमधलं ते अर्धं.
देवी अर्धी का, मी बाबांना विचारलं होतं,
पायथ्याशी, उन्हात.
ते खिशात बसचं तिकीट शोधत होते.
म्हणाले, पायऱ्या पूर्ण आहेत, चढ.

इथले डोंगर खिडकीत येऊन थांबतात,
त्यांच्यावर गवताचं पातंही नाही,
आणि पायऱ्या कुणी कोरलेल्या नाहीत.
रेवतीला ताप होता. ती मांडीवर झोपली
आणि मी उरलेल्या हातानं तुळईचं लोखंड बदललं,
सोळाचे गज काढले, वीसचे घातले.
माऊस घामानं निसटत होता.
फाइल पाठवली तेव्हा साडेअकरा वाजले होते,
रात्रीचे.
हे साडेअकरा करारात नाहीत.

सकाळी ऑफिसात बॅगेच्या तळाशी
एक राजमा सापडला.
दारापाशीच्या टेबलावर ठेवला, कीबोर्डशेजारी.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.
कुणी विचारलं नाही.

अकरा पंचवीसला चेन ओढली.
आवाज झाला.