पस्तीस मिलिमीटर

कुहमोत एप्रिल आला की रस्ता फुगतो.
खालचं गोठलेलं पाणी डांबराला आतून ढुसण्या देतं,
वरून ओंडक्यांचे ट्रक.
असल्या रस्त्यावर गाडी आणखी खाली बसवायची
हे काही शहाण्याचं लक्षण नव्हे.
टाउनोने हे मला दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा नुसतं माझ्याकडे पाहिलं.

गाडी सत्त्याण्णवची. चार दारं, पाच गिअर,
गडद हिरवी, मागच्या दाराखाली गंजाचं एक नाणं.
चाक आणि कमान यांच्यामध्ये
उजवीकडे माझी अख्खी मूठ मावते.
डावीकडे अंगठा बाहेर ठेवावा लागतो.

टाउनोने टेप धरला.
उजवीकडे तीनशे ब्याऐंशी,
डावीकडे तीनशे एकाहत्तर.
"हे अकरा मिलिमीटर," तो म्हणाला, "तू आहेस."

बावीस वर्षं मी त्या बाजूला एकटा बसलो,
कागदगिरणीच्या रात्रपाळीला जाताना,
परतताना, डोळे अर्धे मिटलेले.
गिरणीने माझी नोंद ठेवली की नाही कोण जाणे.
पोलादाने ठेवली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कागद:
वीस, पस्तीस, पन्नास.
पन्नासवर माझं बोट जरा जास्त रेंगाळलं.
टाउनोने कॉफीचा कप नेमका तिथेच ठेवला.
"पन्नासमध्ये चाक अधांतरी लोंबलं
की स्प्रिंग खोबणीत खुळखुळते.
तपासणीवाला पहिलं बोट तिथेच घालतो."

आणि शॉक?
"स्प्रिंग ठरवते, गाडीने कुठे बसायचं.
शॉक ठरवतो, खड्डा किती वेळ आठवत राहायचा.
आखूड स्प्रिंगखाली तुझे जुने लांब शॉक ठेवलेस
तर दांडा दर फुगवट्याला तळ गाठेल,
बंप स्टॉपचं रबर चावून चावून संपेल.
अंथरूण पाहून पाय."

तसेही माझे चारही तेलाने ओले.
बोनेट दाबून सोडलं
तर गाडी तीनदा मान डोलावते: हो, हो, हो.
एकदाच म्हणायला हवं.

आता एक गोष्ट मी टाउनोला सांगितली नव्हती.
सिनिक्काच्या खुब्यात ऑगस्टपासून टायटॅनियम आहे,
आणि कायानीच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय:
गुडघ्यापेक्षा खाली बसायचं नाही.
तो कागद फ्रिजवर होता.
मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

ती काठी टेकत आली. कप उचलला.
पन्नासभोवती कॉफीचं तपकिरी कडं.
"मला विचारणार होतात, की चाकं लागल्यावर कळवणार होतात?"

टाउनोला एकदम अंगणातलं काहीतरी आठवलं. तो गेला.

तिने टेप माझ्या हातातून घेतला.
आधी आपला गुडघा, जमिनीपासून.
मग बाहेर जाऊन, दार उघडून, तिच्या बाजूची सीट.
ओठांनी वजाबाकी केली.
"एकतीस आहेत शिल्लक. पस्तीसला चार कमी."

"मग वीस," मी म्हणालो.
आवाज मोठ्या मनाचा काढला होता,
तिला तो ओळखू येतो.

ती पायांकडे बघत राहिली.
हिवाळी बूट, तळवे जाड, मधे बर्फाचा चिखल.
"उन्हाळ्याच्या चपला सहा मिलिमीटरनं पातळ आहेत," म्हणाली.
"मे ते सप्टेंबर पस्तीस चालेल.
हिवाळ्यात उशी.
उठताना मात्र हात द्यायचा,
आणि उसासा मी टाकायचा, तू नाही."

पार्सल जूनमध्ये आलं.
चार काळ्या स्प्रिंगा, चार पिवळे शॉक,
वरची रबरं टाउनोच्या हट्टाखातर नवी.
जुन्या पुढच्या दोघी सरपणाच्या खोपटाशी उभ्या केल्या.
डावी बुटकी.
भंगारवाला दोनदा येऊन गेला,
उजवी नेली त्याने.

आता दोन्हीकडे चार बोटं मावतात, पाचवं नाही.
सोत्कामोच्या वाटेवर तो मोठा फुगवटा आला,
मी दात आवळले.
गाडी म्हणाली: हो.

शेजारी सिनिक्का, पातळ चपलांत,
खिडकीबाहेर तळं बघत होती.
"खालून," ती म्हणाली, "पाणी जास्त दिसतं."
मी वेग थोडा कमी केला.