मागील बाकी

रोमला त्याचं चरित्र पाठवायचं आहे.
नवे प्रमुख म्हणाले, "याकूब, तू लिही,
तुझं अक्षर सुबक. चमत्कार मात्र तीन तरी हवेत."

माझ्याकडे चमत्कार नाहीत.
हिशेबाची वही आहे, बावीस वर्षांची,
उंटाच्या कातड्यात बांधलेली, कडांना ऑलिव्हच्या तेलाचे डाग.

पहिलं पान: माणसं सात, खेचर एक (लंगडं),
मसूर, मीठ, चादरी फाडून केलेल्या पट्ट्या.
एंगेराँ पिकार्दीचा, कातडं कमावणाऱ्याचा पोर,
नखं जन्मभर काळीच.
लिहिता येत नसे. दोरीला गाठी मारायचा,
वाटेत पडलेल्या प्रत्येक यात्रेकरूची एक,
वाचला नाही तर दुहेरी.
याफाहून वर चढणाऱ्या रस्त्यावर विहीर होती,
तिथंच तंबू ठोकला त्याने.
तहानलेल्याला आधी पाणी द्यायचा, मग नाव विचारायचा,
धर्म विचारायचा राहूनच जाई.
मी चौदा वर्षांचा, दुभाष्या म्हणून ठेवलेला.
त्याच्या अरबीला हसलो, तर तोही हसला.
पुढचे दोन दात नव्हते.

पाचवं वर्ष: तलवारी चार.
वाटमारे वाढले होते, खरंय. मीच लिहिलं.
सातव्या वर्षी घोडे, नाल, नालबंदाची मजुरी.
नवव्या वर्षी कुणी सरदार मरताना दोन गावं देऊन गेला,
आणि पट्ट्यांचं कापड
लोखंडाच्या खाली, खोगिरांच्या खाली,
पानाच्या तळाशी जाऊन बसलं.
रात्री दिव्यापाशी तो मला आकडे वाचायला लावायचा.
"मसूर किती?" एवढंच विचारायचा.
पुढे पुढे तेही विचारेना.

तेल-झैबा आमच्याच माणसांनी जाळलं.
गाव चुकलं होतं.
दुसऱ्या दिवशी तो पायी गेला, झगा न घालता, मी मागे.
राखेत बसलेली उम्म वहीब म्हणाली,
"बाकीचं तुला भरता यायचं नाही. शेळी तेवढी दे."
मी भाषांतर केलं.
माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं वाक्य,
दोनदा अडखळलो.

तीनदा शेळी घेऊन गेलो तिकडे,
तीनदा शेळीसकट परत आलो.
चुलीत गवत उगवलेलं. माणूस नाही.

त्या शरदात तापाने गेला तो, लढाईत नाही.
उशाशी दोरी. शेवटची वीतभर
नुसत्या दुहेरी गाठी.
कुणाच्या, ते मी विचारलं नव्हतं.

चमत्कार तीन लिहिले मी. बरे जमलेत.
एकात तर विहीर आपणहून भरते.
उद्या जहाज सुटेल.

"ती शेळी खोडून टाक," नवे प्रमुख म्हणतात,
"येणेकरी कुठे उरलाय?"
मी मान हलवतो, बोरू बुडवतो,
आणि दर नव्या पानाच्या पहिल्या ओळीत उतरवतो:
मागील बाकी, देणे,
शेळी एक. काळी. डाव्या कानाला चीर.